बाजारात नापास

वाक्य संपेपर्यंत सर श्वास घेत नसत. स्वतःचे वाक्य असो की आमचे, नियम एकच होता. तपासलेल्या निबंधांतली एखादी वही ते उचलत आणि जसे लिहिले आहे तसे मोठ्याने वाचत. स्वल्पविरामाला किंचित थांबत, पूर्णविरामाला पुरते थांबत, आणि जिथे काहीच नाही तिथे थांबत नसत. वाचता वाचता त्यांचे कान आधी लाल होत, मग मान. कोणाच्या वाक्यावर त्यांचे काय लाल झाले, यावरून वर्गात प्रतवारी ठरे.

मालवणातल्या आमच्या हायस्कुलात ते मराठी शिकवायला आले तेव्हा आम्ही आठवीत होतो. शाळेत आम्ही त्यांना सर म्हणत असू, बाजारात त्यांना मास्तर म्हणत. गाव धामापूर. शाळेच्या फाटकाच्या आत ते मालवणीचा एक शब्द बोलत नसत आणि फाटकाबाहेर प्रमाण मराठीचा. एकदा फाटकातच एका पालकाने त्यांना गाठले. तेव्हा ते आधी दोन पावले बाहेर गेले आणि मग बोलले.

व्याकरणाचे पुस्तक वर्षातून तीन आठवडे उघडले जाई. बाकीचे वर्ष फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात दोन प्रश्न लिहिलेले असत: कोणी? काय केले? ज्या वाक्याला या दोहोंचे उत्तर देता येत नाही ते वाक्य ते खोडत. कर्ता आणि क्रियापद यांच्यात फार शब्द बसवू नयेत. पाहुणे वाढले की घरची माणसे एकमेकांना दिसेनाशी होतात, असे ते सांगत. अर्धविराम वकिलांसाठी ठेवावा. उपमेला आठवीत पूर्ण बंदी होती. सरांच्या स्वतःच्या तोंडी उपमा असतात, हे एका मुलीने दाखवून दिले. त्यावर ते बोलणे आहे, लिहिणे नव्हे, असे उत्तर मिळाले आणि पाहुण्यांचा दाखला पुन्हा एकदा देण्यात आला.

उद्गारचिन्हे वर्षाला दोन मिळत. जूनमध्ये हजेरीपटाच्या मागच्या पानावर प्रत्येकाच्या नावापुढे दोन रेघा ओढल्या जात आणि चिन्ह वापरले की एक रेघ कापली जाई. साखरेचे रेशन आमच्या घरांतून नुकतेच गेले होते, त्यामुळे पद्धत समजायला अडचण पडली नाही. मुलांनी लगेच व्यापार सुरू केला. एका चिन्हाला दोन पेरू असा भाव काही दिवस टिकला. एकाने आपली दोन्ही चिन्हे गणपतीच्या निबंधात पहिल्या पानावरच उडवली. पुढे जानेवारीत त्याची आजी वारली. तिच्यावर लिहिताना त्याच्याकडे एकही चिन्ह उरले नव्हते आणि उधार द्यायला कोणी तयार नव्हते. तो निबंध त्या वर्षातला सर्वांत चांगला होता.

सरांनाही दोनच चिन्हे होती. स्वतःचे नाव त्यांनी यादीत शेवटी लिहिले होते. त्यांची एकही रेघ आम्ही कापलेली पाहिली नाही.

त्यांचा श्वास मोजण्याचा कट नववीच्या सुरुवातीला शिजला. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने नारळी पौर्णिमेवर दोन पाने भरून निबंध लिहिला आणि त्यात एकही पूर्णविराम घातला नाही. मजकूर सर्वांनी मिळून पुरवला होता. नारळ, मिरवणूक, वाळू, ढोल, काकांचे हरवलेले पायताण, भिजलेली टोपी आणि प्रसाद, सगळे एकाला एक बांधले होते. वही गठ्ठ्यात सर्वांत वर ठेवली गेली. सरांनी पहिले पान पाहिले, मग दुसरे. खिडकीकडे तोंड करून छाती भरली आणि सुरुवात केली.

पहिल्या पानाच्या शेवटी मान लाल झाली होती. पायताण हरवले तेव्हा त्यांनी टेबलाची कड धरली. टोपी भिजली तेव्हा आवाज कुजबुजीवर आला होता, पण प्रत्येक शब्द ऐकू येत होता. वर्गात कोणी कोणाकडे पाहत नव्हते. "प्रसाद घेऊन घरी आलो" इथपर्यंत ते पोचले, वही मिटली आणि मग श्वास घेतला. तो आवाज बाजूच्या वर्गातही गेला असावा.

नंतर त्यांनी वही त्या मुलाच्या हातात दिली आणि तसेच वाचायला सांगितले. तो चौथ्या ओळीत, ढोलापाशी, दम संपून थांबला. सर एवढेच म्हणाले, "स्वतःला झेपत नाही ते दुसऱ्याला वाचायला देऊ नये."

लहानपणी ते धामापूरच्या तळ्यात पाण्याखालून बरेच अंतर जात, असे पुढे कोणीतरी सांगितले. हे मी पडताळलेले नाही.

वह्यांना मासळीचा वास येई. हे पहिल्याच महिन्यात सर्वांच्या लक्षात आले होते, पण मालवणात वासाचे कारण शोधत कोणी बसत नाही. कोडे वेगळेच होते. सरांची दुरुस्ती तांबड्या शाईत असे. काही निबंधांखाली मात्र निळ्या पेन्सिलीने एकेक प्रश्न लिहिलेला असे आणि पुढे 'पुन्हा लिहा'. कोण पडले? मग होडी कोणी ओढली? एवढे सांगून झाल्यावर आजोबा आता कुठे आहेत? अक्षर सरांचेच होते, पण सर वाक्य खोडत, असे विचारत बसत नसत. दुसरा कोणी परीक्षक असावा आणि तो कडक असावा, असे आमचे मत झाले. सरांची पत्नी धामापूरला होती. ती तपासते, असा निष्कर्ष काढून आम्ही मोकळे झालो.

आमच्या घराची पडवी मासळीबाजाराच्या समोर होती. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी पडवीत बसले होते आणि परीक्षक मला दिसला. ती बाजारात कोपऱ्यावर बसणारी, पन्नाशीची, सगळे जिला काकी म्हणत ती मासे विकणारी बाई होती. तिला अक्षर येत नव्हते. ती विळीवर सौंदाळे साफ करत होती. समोर पालथ्या पाटीवर सर बसले होते आणि माझ्या वर्गाच्या वह्या तिला वाचून दाखवत होते.

हे कसे सुरू झाले ते नंतर कळले. दर शनिवारी सर मासे घेऊन तीनच्या एस.टी.ने धामापूरला घरी जात. बुधवारी पत्नीला पोस्टकार्ड टाकत. त्यावर "शनिवारी येतो" एवढेच असे. कार्ड उघडे असते, त्यामुळे ही माहिती सर्वांना होती. आल्याच्या पहिल्याच महिन्यात, तीनच्या गाडीची वेळ होईपर्यंत बाजारात बसून ते वह्या पुटपुटत तपासत होते. काकीने काय पुटपुटता म्हणून विचारले आणि त्यांनी वाचून दाखवले. कोणीतरी माडावरून पडल्याचा तो निबंध होता. पाच ओळी झाल्यावर काकी म्हणाली, "ऱ्हवा. कोण पडलो?" सरांनी पुढे पाहिले, मागे पाहिले. पडला कोण हे मुलाने लिहिलेच नव्हते. दोनदा तपासून ते सरांच्याही लक्षात आले नव्हते.

त्या दिवसापासून प्रत्येक वही बाजारात जाऊ लागली. काकी हातातले काम थांबवत नसे, वर पाहत नसे. कळले तर "कळलां" म्हणे आणि सर पुढची वही घेत. अडले तर "कोणी?" किंवा "खंय?", म्हणजे कुठे, असे विचारी, आणि तो प्रश्न सर निळ्या पेन्सिलीने जसाच्या तसा, फक्त प्रमाण मराठीत, उतरवत. "मगे?", म्हणजे पुढे काय झाले, हा तिचा सर्वांत मोठा शेरा होता. ती "मगे?" म्हणाली तर त्या निबंधाला सर दोन गुण जास्त देत. बाजारात पास आणि बाजारात नापास असे आमच्या वर्गात दोन पक्ष पडले. बाजारात नापास होणे जास्त लागे, कारण त्याविरुद्ध व्याकरणाचा कोणताही नियम सांगता येत नसे.

पुष्कळ वर्षांनी, मी वृत्तपत्रात लागल्यावर, होडी उलटल्याची माझी पहिली बातमी छापून आली. मी कात्रण घेऊन सरांकडे गेले. त्यांनी ते हातात घेतले नाही, बाजाराकडे बोट दाखवले. काकी तेव्हा थकली होती, पण कोपरा तोच होता. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मेलो कोण तां शेवटाक कित्याक सांगलंस गो?" हा धडा आमचे वृत्तसंपादक मला सहा महिने शिकवत होते.

वह्यांचे प्रकरण चिघळले ते आमच्या नववीच्या अखेरीस.

सर कायम नव्हते. एप्रिलअखेर त्यांची नेमणूक संपे आणि जूनमध्ये नवी मिळे. मिळेलच असे नसे. कायम झाल्याशिवाय मालवणात बिऱ्हाड करणे त्यांना बरे वाटत नव्हते, आणि पत्नी धामापूरला सासूसासऱ्यांकडे होती. लग्नाला तीन वर्षे झाली होती. घराबद्दल तिने एकच अट घातली होती: परसातल्या विहिरीला मे महिन्यात पाणी असावे. त्यामुळे आदल्या मे महिन्यात सर एका रिकाम्या घराची विहीर पाहायला दोर घेऊन गेले होते. पाणी होते, पण नेमणूक आली ती तात्पुरती, आणि ते घर दुसऱ्या कोणाला गेले. या जूनला तरी कायम करू, असे व्यवस्थापक मंडळाच्या अध्यक्षांनी त्यांना तोंडी सांगितले होते.

मंडळावर गावातले एक वकील होते. त्यांचा मुलगा आमच्या वर्गात होता. फेब्रुवारीत 'आमचे गाव' या विषयावर त्याने जो निबंध दिला त्याची सुरुवात अशी होती: "उपरोक्त विषयास अनुसरून निवेदन करण्यात येते की, सदर गाव हे निसर्गसौंदर्याने परिपूर्ण असून". निबंध कोणी लिहिला हे उघड होते. सरांनी ते विचारले नाही. वही इतर वह्यांबरोबर बाजारात गेली.

त्या दिवशीही मी पडवीत होते. सरांनी पान संपवले. काकीचा हात थांबला, आणि हे सहसा होत नसे. हे लिहिणाऱ्याचे वय किती म्हणून तिने विचारले. चौदा, असे सरांनी सांगितले.

"झिलाक ताप इलोलो काय?" काकी म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "ह्यां सगळां बरां. पण गाव खंयचो?"

सरांनी दोन्ही प्रश्न निळ्या पेन्सिलीने लिहिले. लिहिताना ताप होता काय? गाव कोणते? पुन्हा लिहा.

वकिलांची तक्रार फुलस्केपची सहा पाने होती. माझे वडील शाळेचे कारकून. तक्रारीची नक्कल त्यांनीच केली, आणि पहिला पूर्णविराम दुसऱ्या पानाच्या तळाशी आहे, हे घरी आईला सांगितले. तक्रारीचा आशय असा की, विद्यार्थ्यांच्या वह्या मासळीबाजारात नेल्या जातात, निरक्षर व्यक्तीकडून तपासून घेतल्या जातात, आणि त्यांना वास येतो. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मंडळाने सरांकडून आठ दिवसांत लेखी खुलासा मागवला.

कायम होण्याचा विचार आणि हा खुलासा एकाच बैठकीत यायचे होते.

सरांनी खुलासा लिहिला. चार पाने. सोमवारी, वारावेगळे, ते बाजारात आले आणि पाटीवर बसून त्यांनी तो काकीला वाचून दाखवला. त्यात भाषाशिक्षणाच्या क्षेत्रात श्रवणाचे असलेले महत्त्व होते. पहिल्याच वाक्याला सरांची मान लाल झाली. दुसरे पान उलटण्याआधी काकीने त्यांना थांबवले.

"ह्यां त्या वकिलाच्या झिलान लिवलां?" तिने विचारले.

बाजारात बाजूला बसलेल्या बायका हसल्या. सरांनी कागद घडी करून खिशात ठेवले आणि उठून गेले. जाताना मासे न्यायचे विसरले.

बुधवारी ते एक पान घेऊन आले. मजकूर काकीला समजला, पण तिने मान हलवली. "कळलां. पण मास्तरांनू, तुमी तां केल्यात काय नाय केल्यात? तां खंय आसा ह्येच्यात?" सरांनी कागद पुन्हा वाचला, या वेळी मनात. ते स्वतः त्यात कुठेच नव्हते. वह्या नेल्या जात असल्या तरी, असे होते. वाचून घेण्यात आले, असे होते. फळ्यावरचे दोन प्रश्न त्यांनी दोन वर्षे आम्हाला विचारले होते आणि स्वतःच्या कागदातला कर्ता त्यांनी स्वतः लपवला होता.

शुक्रवारी आणलेल्या कागदावर तीन वाक्ये होती. ती मला पाठ आहेत. "मी वह्या बाजारात नेल्या. तिथे ज्या कळल्या नाहीत त्या मुलांकडून पुन्हा लिहून घेतल्या. पुढेही घेईन."

काकी या वेळी "कळलां" म्हणाली नाही. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि खालच्या आवाजात सांगितले, "तां शेवटचां काडा, मास्तरांनू. बायल हाडूची आसा तुमका."

बायको आणायची आहे, हे तिने सांगायची गरज नव्हती. त्या आठवड्यात दुसऱ्या एका घराची विहीर पाहून झाली होती आणि घरमालकिणीने जूनपर्यंत थांबायचे कबूल केले होते.

सरांनी तिन्ही वाक्यांवरून बोट फिरवले. मग म्हणाले, "तां काडलंय तर मागची दोन खोटी पडतली."

त्या दिवशी काकीने त्यांना बांगडे निवडून दिले.

बैठकीचा वृत्तांत वडिलांकडून मिळाला. इतिवृत्त तेच लिहीत होते. अध्यक्षांचा नारळाचा धंदा होता. त्यांनी खुलासा वाचला, कागद उलटून पाठीमागे काही आहे का पाहिले आणि पुढे सरकवला. मग वकील पाऊण तास बोलले. अध्यक्षांनी मध्येच एकच गोष्ट विचारली: मुलाने निबंध पुन्हा लिहिला का? लिहिला होता. वही कपाटात होती आणि वडिलांनी ती काढून दिली. नवा निबंध सहा ओळींचा होता. अध्यक्षांनी तो मोठ्याने वाचला.

"आमचे गाव वैभववाडीच्या बाजूला घाटाखाली आहे असे आई सांगते. मी ते पाहिलेले नाही. वडिलांना वेळ नसतो." पुढच्या तीन ओळींत आईने सांगितलेली एक नदी होती.

वडिलांनी इतिवृत्तात याची नोंद 'वाचन झाले' अशी केली आहे. घरी मात्र त्यांनी सांगितले की, वकिलांनी वही मागून घेतली, स्वतः एकदा वाचली आणि त्यानंतर ते आवाज चढवून बोलले नाहीत.

तरीही तक्रार होती आणि मंडळाला काहीतरी करणे भाग होते. सरांना कायम करण्याचा विषय पुढे ढकलण्यात आला आणि त्यांना आणखी एक वर्ष तात्पुरते ठेवण्यात आले. वह्या शाळेच्या आवाराबाहेर नेण्यास मनाई झाली. ठराव वकिलांनीच लिहून दिला. लांब होता. वह्या कोणत्या मार्गाने, कोणाच्या हस्ते, कोणत्या वेळी बाहेर जाऊ नयेत हे सगळे त्यात होते. आत कोणी यावे याबद्दल एक शब्द नव्हता.

जूनमधल्या पहिल्या शनिवारी, शाळा सुटण्याच्या वेळी, काकी पाटी डोक्यावर घेऊन फाटकातून आत आली आणि भेंडीच्या मोठ्या झाडाखाली बसली. पावसाळ्यात होड्या बंद असत. तरी ती सुके बांगडे घेऊन आली होती. सर वह्या घेऊन आले. नवीन पेच एकच होता: फाटकाच्या आत सर मालवणी बोलत नसत. त्यामुळे पुढची दोन वर्षे काकी मालवणीत विचारी आणि सर प्रमाण मराठीत उत्तर देत. दोघांनाही याचे काही वाटले नाही. मुख्याध्यापक त्या वेळी खिडकी लावून घेत. वासामुळे, असे ते म्हणत.

घरमालकिणीने मात्र ते घर कस्टममधल्या एकाला दिले. पुढच्या मे महिन्यात सरांनी तिसरी विहीर पाहिली. विषय पुन्हा पुढे ढकलला गेला. बुधवारची कार्डे चालू होती.

सरांबद्दल आणखी एक गोष्ट सांगायची तर ती आम्ही शाळा सोडल्यानंतरची आहे. न उच्चारले जाणारे अनुस्वार नियमातून गेले तेव्हा जुन्या शिक्षकांना ते लागले. सरांनी म्हणे वर्गात सांगितले की, डोक्यावरची टिंबे गेली, हरकत नाही. वाक्याच्या पायाजवळचे अजून आहे, ते सांभाळा.

आमची मॅट्रिकची परीक्षा झाली त्या मे महिन्यात मंडळाची बैठक भरली आणि सरांना कायम करण्याची सूचना वकिलांनी मांडली. त्यांच्या मुलाचा मराठीचा पेपर चांगला गेला होता, हे कारण असावे. त्या सुट्टीत ते त्याला गावी घेऊन गेले होते, एवढे मला ठाऊक आहे. ठराव झाला. नेमणुकीचे पत्र माझ्या वडिलांनी तयार केले, अध्यक्षांनी सही केली आणि शिपायाने ते सरांना नेऊन दिले. सर सुट्टीतही मालवणात होते. चौथी विहीर पाहायची होती.

पत्र घेऊन ते बाजारात गेले. तासाभराने शिपायाबरोबर पत्र शाळेत परत आले. खाली निळ्या पेन्सिलीने लिहिले होते: "ऐकणाऱ्याने विचारले: ठेवतात की काढतात? पुन्हा लिहा."

वीस वर्षांच्या नोकरीत वडिलांचे पत्र कोणी परत केले नव्हते. ते घरी आले, पडवीत तीन फेऱ्या मारल्या आणि आईला पत्र वाचून दाखवले. "सबब उपरिनिर्दिष्ट ठरावान्वये आपली सेवा, यापूर्वीच्या तात्पुरत्या स्वरूपाच्या नेमणुकीचा कालावधी संपुष्टात आल्यामुळे," असे ते सुरू होत होते. आई तांदूळ निवडत होती. सगळे ऐकून ती म्हणाली, "बरोबर विचारल्यान तिणां. माका वाटलां, मास्तराक काडल्यानी."

वडील जेवले नाहीत. अडचण खरी होती. अध्यक्षांची सही असलेले पत्र शेरा मारून परत करणे हा उद्धटपणा होता, आणि मंडळावर दोघेजण असे होते की त्यांना ठराव मोडायला तेवढे कारण पुरले असते. शाळा सुरू व्हायला दहा-बारा दिवस उरले होते. एवढे सांभाळून घ्या, असे वडिलांनी सरांना निरोपाने कळवले. न कळलेले पत्र ठेवून घेता येत नाही, असा उलट निरोप आला. हे ऐकून वडील त्यांना माझ्यासमोर वेडा म्हणाले. मग कागद पुढे ओढून बसले.

शनिवारी सकाळी ते नवे पत्र घेऊन अध्यक्षांकडे गेले. मागचे काय झाले, असे अध्यक्षांनी विचारले. वडिलांनी खरे ते सांगितले. मागच्यावर सही केली तेव्हा मलाही नीट कळले नव्हते, असे म्हणून अध्यक्षांनी नव्यावर सही केली.

तिथून वडील थेट बाजारात आले. मी पडवीतून उतरून त्यांच्यामागे गेले. सर पाटीवर बसले होते. वडिलांनी पत्र त्यांच्या हाती दिले नाही. काकीसमोर उभे राहून, कचेरीत वाचतात तसे, स्वतः वाचले.

"तुम्हाला या जूनपासून कायम केले आहे."

काकीने इसवणाची एक तुकडी पाडली. "कळलां," ती म्हणाली. वडिलांच्या चेहऱ्यावर काय होते ते मी पुढे एकदाच पाहिले, त्यांना निवृत्तीचा नारळ मिळाला त्या दिवशी.

सरांनी खिशातून कार्ड काढले. शनिवार होता, दुपारी ते स्वतःच तीनच्या गाडीने घरी जाऊ शकत होते. पण चौथ्या घराची किल्ली संध्याकाळी मिळायची होती आणि ते घर त्यांना आता सोडायचे नव्हते. पालथ्या पाटीवर कार्ड ठेवून त्यांनी लिहिले आणि रिवाजाप्रमाणे वाचून दाखवले.

"मी कायम झालो. विहिरीला पाणी आहे. तू ये!"

शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज चढला. आजूबाजूच्या बायकांनी माना वळवल्या. काकीने ओला हात लांबच ठेवून कार्डात डोकावून पाहिले आणि शेवटी ही उभी काठी आणि खाली टिंब कसले, असे विचारले. सर कार्डावर पत्ता लिहू लागले. मोठ्याने सांगायचे असले की ते घालतात, असे वडिलांनी सांगितले.

"हळू सांगल्यात असतां तरी आयकलां असतां तिणां," काकी म्हणाली आणि पुन्हा विळीकडे वळली.

काकीचे म्हणणे सरांनी माझ्या माहितीत दोनदा मानले नाही. पहिल्या वेळी एक वाक्य काढले नाही, या वेळी एक चिन्ह.

कार्ड तीनच्या गाडीने गेले.